दर तीन मीटरला एक पिशवी

माझं काम सोपं होतं.
दर तीन मीटरला वर आलेला चिखल चाळणीवर घ्यायचा,
तांदूळ धुतात तसा धुवायचा,
उरलेले खडे कापडी पिशवीत भरायचे,
वर खोली लिहायची, वेळ लिहायची,
खाली सही: बा. ई. मुलाणी.

मोरगिरीच्या वरच्या अंगाला रिग उभी होती.
पहिला महिना नुसता काळा दगड.
तो आमच्या ओळखीचा,
विहिरीचा, उंबऱ्याचा, पाट्या-वरवंट्याचा.
नऊशेच्या पुढे कधीतरी काळा सरला
आणि मीठ-मिरची सांडल्यासारखा
पांढरा, गुलाबी दगड लागला.
हेरवाडकर मॅडमनी एक खडा जिभेला लावला.
म्हणाल्या, "बाबालाल, याला अडीचशे कोटी वर्षं झाली.
तेव्हा जमिनीवर गवताचं पातं नव्हतं."
मी पिशवीवर लिहिलं: पहाटे चार वाजून दहा.

मग एका रात्री केबिनमधल्या पडद्यावर रेघ उठली.
मिथेन.
चहाचं आधणही येणार नाही, एवढासा.

आता माझी अडचण सांगतो.
अब्बा पाटणला रॉकेलचा गाडा ओढायचे.
निळं रॉकेल, पत्र्याचं माप, नरसाळं.
कुणा पोरानं विचारलं, चाचा, हे येतं कुठनं,
की सांगायचे, "मेलेल्यांचं आहे रे.
दर्यातलं शेवाळ, किडे, बारीक जीव,
गाळाखाली दबून दबून त्यांचं तेल झालं.
सांडू नये."
आणि शेवटचा थेंब निथळेपर्यंत
नरसाळं धरून उभे राहायचे,
मागं रांग कितीही असो.

म्हणून मी मॅडमना विचारलं,
इथं कोण मेलं होतं?

त्या लगेच बोलल्या नाहीत.
कपातली साय बोटानं काढली, कठड्याला पुसली.
"एक मत असं, की भेगेतून पाणी खाली उतरतं.
दगडातलं लोखंड त्यातला ऑक्सिजन धरून ठेवतं,
हायड्रोजन मोकळा होतो.
त्याला कार्बन भेटला की झालं.
कुणी मरायची गरज नाही.
दुसरं मत, तिथं खाली जीव आहेत.
उन्हाचं नावही न ऐकलेले.
तोच हायड्रोजन खातात, हा वायू सोडतात."

"मग कळायचं कसं?"
"कार्बन तोलून. हलका जास्त निघाला तर बहुतेक जीव.
जिवाला हलकं उचलायला आवडतं."
मी म्हटलं, गाडा ओढणाऱ्यालाही.
त्या हसल्या. मी हसलो नाही.
दोन्ही मतांत
अब्बांचे मेलेले कुठंच नव्हते.

वायू पोलादी बाटलीत भरून कुठं कुठं गेला.
रिग उतरली, भोकावर झाकण बसलं,
आता त्यावर शेळ्या उभ्या राहतात.
उत्तर फार उशिरा आलं, फोनवर, एका ओळीत:
धड हलका नाही, धड जड नाही, मिसळ दिसते.

अब्बांची कबर खणताना तीन फुटांवर पहार वाजली.
तोच काळा दगड.
दोन दिवस लागले, शेवटी फरीदच्या ब्रेकरनं काम केलं.
मी तेव्हाच मनात म्हटलं होतं,
यांचं काही तेल व्हायचं नाही,
तेवढा गाळ नाही आपल्याकडं.

एक मूठ खडे मी घरी आणले होते. चोरूनच म्हणा.
अब्बांच्या मापात ठेवलेत, फळीवर.
कधी नाकाशी धरतो.
दगडाला कशाचाच वास नाही.
मापाला आहे, अजून.