एकेचाळीस मिलिमीटर

ऑगस्टात हीटर पूर्ण लावून,
चारी काचा खाली,
मॅटलॉकच्या चढावर मी घामाघूम,
इंजिनाची उष्णता स्वतःच्या अंगावर घेत होते.
सुई तरी चढतच राहिली.
सायीखाली दूध हलतं तशी आधी गपचूप,
मग बॉनेटच्या कडांतून वाफ,
गोडसर वास, रस्त्यावर हिरवी धार.
मागचा कॅरॅव्हॅनवाला उतरून आला,
म्हणाला, चहा टाकू का?

सत्त्याण्णवची सुबारू. निळी.
टर्बो मोठा, इंटरकूलर पुढे आणलेला,
एक्झॉस्ट असा, की मी रात्रपाळीहून परतले
की शेजारच्या मिसेस टॅन्सली उठतात आणि कुत्र्याला फिरवून आणतात.
बारा वर्षं सगळं वाढवत गेले.
रेडिएटर मात्र कारखान्यातून आला तोच,
प्लॅस्टिकच्या टाक्यांचा, पंचवीस मिलिमीटर.
घरात माणसं वाढली, माठ तेवढाच.

डर्बीत पॉग्सनचं दुकान रेल्वेच्या कमानीखाली आहे.
त्यानं काउंटरवर तीन मांडले.
(इथं कुणालाही लाडानं 'डक' म्हणतात. बदक.
पहिल्या वर्षी राग यायचा.)

एक तांब्या-पितळेचा, जुन्या चौकटीत नवा गाभा भरलेला.
उचलला तर खांदाच उतरला,
आणि डाग दिलेल्या कडेला नवसागराचा वास,
कल्हईवाला नुकताच उठून गेल्यासारखा.
क्षणभर वाटलं, हाच.
पण गाडीच्या नाकावर चार किलो जास्त
केवळ वासासाठी?

दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा, त्रेपन्न मिलिमीटर.
वेल्डिंगची शिवण खवल्याखवल्यांची,
नुसतं बघूनच गार वाटावं.
तिसरा छत्तीसचा.
त्याच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही.

मी अर्थातच त्रेपन्नवर हात ठेवला.

पॉग्सननं तो उभा धरला, मागे एक पावती धरली
आणि जाळीतून फुंकर मारली.
पावती हलली नाही.
छत्तीसमधून मारली.
हलली.
"पाण्याला पंप ढकलेल," तो म्हणाला,
"वाऱ्याला कोण ढकलणार, डक?"

लाज वाटली.
वीस वर्षं मी डायलिसिसची यंत्रं सांभाळते.
एका बाजूनं रक्त, दुसऱ्या बाजूनं पाणी,
मध्ये केसासारख्या नळ्या.
नव्या मुलांना मीच बजावते,
फिल्टर दांडगा लावला म्हणून माणूस जास्त धुतला जात नाही,
नस देईल तेवढंच मिळेल.
मंगळवारचे ऑलरेनशॉ, पूर्वी बस दुरुस्त करायचे,
खुर्चीत पडल्यापडल्या विचारतात, काय ठरलं?
मी म्हणते, मोजतेय अजून.
ते म्हणतात, मग मोज.

रात्री लॉकअपमध्ये मोजलं.
पंख्याची जागा सोडून, पुलीपर्यंत, एकेचाळीस.
परत मोजलं, टेप जरा सैल धरून.
एकेचाळीस.
पुलीला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं.
मग टॉर्च तोंडात धरून
जुन्या रेडिएटरच्या कडेला बोट घातलं,
ते आरपार गेलं.
दोन्ही बाजूंना फट, वरही फट.
म्हणजे बारा वर्षं वारा समोरून आत येत होता
आणि जाळीत न शिरता
ओळख नसल्यासारखा बाजूनं निघून जात होता.

छत्तीसचा घेतला.
आणि फटींना लावायला फोमची पट्टी,
दोन पौंड चाळीस.
जुना पॉग्सननं तराजूवर टाकला, भंगारात.
इतकं कमी वजन होतं त्याचं
की मीच नजर वळवली.

रविवारी तोच चढ.
पुढे ट्रॅक्टर, मागे रांग, ऊन बऱ्यापैकी.
हीटर बंद.
ठरवलं होतं, सुईकडे बघायचं नाही.
वळणापर्यंत नाही बघितलं.
वळणावर बघितलं.
मग माथ्यापर्यंत तिच्याकडेच बघत होते,
मध्यावर थांबलेल्या सुईकडे,
आणि ट्रॅक्टर कधीच शेतात वळला होता,
मागचे हॉर्न देत होते.