पाठीवर ऊन

सातला येऊ नका, अशी फाटकावर पाटी लावलीये ड्रिकाने,
तरी येतात. केपटाउनहून रात्रभर गाडी हाकत,
गळ्यात कॅमेरे, काखेत थर्मास,
आणि बघतात तर काय: करडं रान,
मुठी मिटून बसलेलं.

'साडेदहाशिवाय उठत नाहीत ही,' ती सांगते,
शेळ्या वळवाव्यात तशी त्यांना ओट्यावर वळवते,
काळी कॉफी, दहा रँड.
'आणि चालाल तर ऊन पाठीवर घेऊन चाला.
फुलं सूर्याकडे तोंड करतात, तुमच्याकडे नाही.'

मग झुडपांच्या खरखरीत फटीफटीतून
नारिंगी सांडत येतं
वाडग्यापर्यंत, पार बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीपर्यंत.
पाहुणे गप्प होतात.
त्यांचं तेवढंच तिला आवडतं.

नामाक्वालँडच्या या डेझीचा
महिना-सव्वा महिन्याचा संसार.
बी दोन तऱ्हेचं. आईने दाखवलं होतं तळहातावर ठेवून:
हे चपटं, पंखाचं. वाऱ्याबरोबर जातं, जरा ओल दिसली की भुलतं.
हे बारकं, खरबरीत.
हे ऐकून न ऐकल्यासारखं करतं,
वर्ष वर्ष.
एकाच फुलाच्या पोटी दोन्ही.

भाऊ, आपोल, सालडान्याला मासळीच्या कारखान्यात.
दर ऑगस्टला फोन: 'फुललं का गं?'
मागे भोंगा वाजतो,
ती 'हो' म्हणेपर्यंत फोन तुटतो.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही.
मे गेला, जून गेला,
शेळ्यांनी पाटीची दोरीसुद्धा खाल्ली.
फोन आला. ती म्हणाली, 'फुललंय.
इतकं, की पाय ठेवायला जागा नाही.'
का म्हणाली, तिचं तिलाच कळलं नाही.

आणि नेमका त्याच वर्षी तो आला.
इस्त्रीचा शर्ट, त्याच्याखाली मासळीचा वास.
फाटकात उभा राहिला:
लाल माती, काटक्या,
पुसून ठेवल्यासारखं आभाळ.
ती निखाऱ्यावरचा पाव उलटत राहिली,
एकच पाव, पुन्हा पुन्हा.

तो पाठीवर ऊन घेऊन चालत गेला,
उकिडवा बसला, नखाने माती उकरली,
बोट जिभेला लावून काहीतरी टिपलं
आणि येऊन तिच्यासमोर धरलं.
बारकं, खरबरीत.

'खोटं नाही बोललीस,' म्हणाला,
'जरा लवकर बोललीस.'

मग ओट्यावर टेकून त्याने कॉफी मागितली.

'दहा रँड,' ती म्हणाली.