उधारी

भरमाण्णा मागावरून थेट यायचा,
कानात खटखट तशीच,
म्हणून ओरडूनच मागायचा : "त्या पिवळ्या, धा."
चिठ्ठी नसायची. मीही विचारली नाही.
वडगावात पाठ कुणाची दुखत नाही?

काल बायको रिपोर्ट घेऊन आली.
क्रिएटिनिन साडेचार. डावी किडनी
आक्रसलेली, वाळल्या सुपारीएवढी म्हणे.
डॉक्टर म्हणाले, गोत्तिल्ल,
गोळीनं असेल, साखरेनं,
जन्मापासूनही असेल.
"तुमास्नी काय वाटतंय ओ?"

मी काउंटर पुसत राहिलो,
आधीच पुसलेला.
वहीत त्याच्या नावापुढं अकरा पट्ट्या,
माझ्याच अक्षरात.

तिनं पदराची गाठ सोडली,
दोनशे ठेवले,
म्हणाली, एवढे वजा करा.