परतीचं वजन

वाकडच्या शोरूममध्ये ऋषभ ओसवाल
पांढऱ्या पिकअपच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला,
'ताई, सतराशे किलो पासिंग. डोळे झाकून भरा.'

डोळे झाकून मी मधसुद्धा चाखत नाही.
पिशवीतून वही काढली.

मेलिफेराच्या साठ पेट्या,
जाताना एकेक बावीस किलो. तेराशे वीस.
गेनू पासष्ट, मी अठ्ठावन्न
(हे त्याने ऐकलं नसल्यासारखं केलं),
पाण्याचा कॅन, दोर, जाळ्या, धुराडं,
आणि गेनूचा डबा, तो काही हलका नसतो.
तरी बसतं.
'बसतं ना?' म्हणाला.

पण मी परतीचं विचारत होते.
मोरगावच्या पुढे सूर्यफुलात
पंचवीस दिवस माश्या काही बसून नसतात.
येताना तीच पेटी एकतीस.
साठांचे अठराशे साठ,
वर आम्ही दोघं.
कंपनीने फुलोरा हिशोबात धरलेला नाही.

'एवढं तर सगळेच भरतात.
एक पाटा वाढवून घ्या, नाना पेठेत तासाभराचं काम.'
पाटा वाढवला की गाडी मागे बसत नाही, खरंय.
ब्रेक मात्र होते तेवढेच राहतात.

'आणि ट्रॉली लावली तर? किती ओढेल?'
त्याने माहितीपत्रक उलटंसुलटं केलं.
त्यात टचस्क्रीन होता, हप्ता होता,
हसणारं एक कुटुंब होतं,
ओढण्याचा आकडा नव्हता.
चाकणला फोन लावला. पलीकडे कुणीतरी जेवत होतं.
शेवटी कळलं: बिनब्रेकची ट्रॉली असेल तर साडेसातशे,
आणि ती हुकावर जेवढं नाक टेकेल
तेवढं हौद्यातून वजा.

वजा.
अर्धा तास मी याच शब्दाची वाट पाहत होते.

दोन वर्षांपूर्वी जुन्या जीपमागे ट्रॉली,
ट्रॉलीत मधयंत्र आणि चार भरलेली पिंपं,
दिवे घाट उतरताना पहाटे तीनला
मागून कुणी खांद्यावर हात ठेवावा
तसं हलकेच ढकललं गेलं.
चढावर आपण ओढतो.
उतारावर तेच आपल्याला घेऊन निघतं.
गेनू जागा झाला, बोलला काहीच नाही,
दोन्ही पाय पुढच्या पत्र्याला रोवून बसला,
जणू तोही एक ब्रेक.
क्लचचा वास. पहिला गिअर. आणि पाठीमागे
चाळीस पेट्यांचा एकच बारीक सूर.

खाली वडकीच्या काट्यावर शकूरभाईने विचारलं,
'माल काय?'
'मधमाश्या.'
'जिवंत?'
'हो.'
'मग आतल्या आत उडाल्या तर वजन कमी भरतं का?'
नाही म्हटलं. पेटी बंद असली
की उडालेल्या माशीचा भारही पेटीवरच येतो.
तो बराच वेळ लाल आकड्यांकडे बघत राहिला.
'आमच्या घरी पण तसंच आहे,' म्हणाला,
आणि पावती फाडली.

ती पावती अजून वहीत आहे. आकडे पुसट झालेत.
ऋषभला दाखवली नाही.

'मग बुक करू, ताई?'
अठ्ठेचाळीस, मी लिहिलं. बारा पेट्या दुसऱ्या खेपेला,
मधयंत्रही त्यांच्याच सोबत. ट्रॉली विकायची,
थेऊरचा एकजण मागे लागलाय,
त्याला घाट लागत नाही.
डिझेल जास्त जाईल. जाऊ दे.
रंग पांढराच हवा, माश्यांना गडद खपत नाही;
त्याला वाटलं मी भाव पाडतेय.

त्याने कॅल्क्युलेटरवर माझी बेरीज तपासली.
परतीच्या पेट्या, आम्ही दोघं, कॅन, दोर, डबा.
'अहो, अजून चाळीस किलो मोकळे राहतात.
एक पेटी सहज बसेल. कशाला सोडताय?'

राहू दे म्हटलं.
यंदा फूल चांगलं आलं तर लागतील.