गुलाबी कागद

सात वाजता मिसेस हेलिवेल म्हणतात, आता भाग दोन,
आणि शिक्षकांचा प्रतिनिधी आपला मग उचलून बाहेर जातो.
दार लागतं. रेडिएटर ठणठणत राहतो.
हॅलिफॅक्समधली शाळा, वाचनालयाची खोली,
खुर्च्या आठ वर्षांच्या मुलांच्या मापाच्या.
गुडघे हनुवटीशी घेऊन नऊ मोठी माणसं
एका माणसाचं काय करायचं ते ठरवणार.

मी क्लार्क. मला मत नाही,
मला नियम आहेत.
भाग दोनचं इतिवृत्त गुलाबी कागदावर.
ठराव लिहावा, चर्चा लिहू नये.
कोण काय म्हणालं ते नाही,
कुणाचा आवाज फुटला ते तर नाहीच.
इतिवृत्त मंजूर झालं की कच्ची पानं श्रेडरमध्ये.
घरी बोलू नये. गाडीत बोलू नये.
(शेवटचा नियम माझा. नवरा गाडीतच विचारतो.)

कच्चं टिपण मी मराठीत घेते,
हात त्या लिपीत भरभर चालतो, एवढंच कारण.
एकदा शेजारून प्रश्न आला,
हे दोरीवर वाळत घातल्यासारखं काय आहे?
अक्षरं, मी म्हटलं.
मग फाडता कशाला, इथे कुणाला वाचता येणार?
मिसेस हेलिवेल चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
नियमात लिपी लिहिलेली नाही.
तेव्हा त्या मला आवडल्या.

केअरटेकर. नाव इथे सग्डन म्हणू. नाव ते नव्हतं.
बायको गेली, मागून घर गेलं,
ऑक्टोबरपासून ते बॉयलरच्या खोलीत झोपत होते.
घडीची खाट, किटली,
रेडिओ, आवाज अगदी बारीक.
त्या हिवाळ्यात वर्ग कधी नव्हे इतके उबदार होते,
सकाळी सहाला दिवे लागलेले.
आम्ही त्यांचे आभारही मानले होते,
भाग एकमध्ये, पांढऱ्या कागदावर.

चर्चा पन्नास मिनिटं. माझ्या वहीत एक ओळ:
समितीने केअरटेकरला सेवेतून मुक्त केले.
फलटणला रणवरे बाई फळ्यावर खडू आपटून सांगायच्या,
कर्त्याला ने, कर्माला ला,
हा भावे प्रयोग, पोरींनो,
इथे क्रियापद कुणाचंच ऐकत नाही.
नपुंसकलिंगी, एकवचनी,
केले.
इंग्रजीत उतरवताना तर समितीही गळाली.

कुणीतरी उभं राहिलं होतं.
त्या बुटक्या खुर्चीतून, टेबलाला धरून.
काय म्हणालं ते इथेही सांगणार नाही,
बाई की बाप्या तेही नाही,
आणि मराठीत हे लपवणं सोपं नाही,
क्रियापदच चहाडी करतं.
म्हणून पुन्हा, कुणीतरी उभं राहिलं.
बराच वेळ उभं होतं.

पुढच्या बैठकीनंतर मी पानं यंत्रात सारली.
शिरोरेषा आधी तुटल्या.
खाली पारदर्शक डब्यात काने, वेलांट्या,
एक अख्खा ळ.

मार्चमध्ये सग्डन बसथांब्यावर भेटले.
दाढी वाढलेली, हातात बेकरीची पिशवी.
मुलीची चौकशी केली, तिचा तुटलेला लॉकर आठवला,
बिजागरी अजून टिकली आहे का विचारलं.
मग रस्त्याकडे बघत,
तुम्ही होतात ना आत त्या दिवशी.
मी मान हलवली. उपस्थिती गुप्त नसते.
आमच्याबद्दल एखादं तरी...? वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
लाख त्यांचे होते, मूठ माझी.

मी म्हटलं, बस आली.
आली नव्हती.
टेकडीच्या वळणावर नुसते दिवे दिसत होते,
ते दुसऱ्याही कुठल्या गाडीचे असू शकले असते.