वीतभर हिरवळ

अवालीच्या मैदानावर गवत नव्हतं.
रेती होती, तिच्यावरून आडव्या गेलेल्या तेलाच्या पाइपलाइनी,
आणि नवव्या होलपाशी एक बोरीचं झाड,
ज्याचा पत्ता सगळे नुसता 'सावली' असा सांगत.

गवत आपलं आपण न्यायचं.
प्लास्टिकचा वीतभर चौकोन, बॅगेला दोरीनं बांधलेला.
खाली टाकायचा, वर चेंडू ठेवायचा, मारायचा,
चौकोन झटकायचा, चालू लागायचं.
मी सात वर्षांची. मला वाटे
जगभर असंच खेळतात.

ग्रीनला आम्ही ब्राउन म्हणायचो.
तेल पाजून दाबून बसवलेली काळपट रेती.
तिच्यावर पावलं उमटली की
यासीन मुकादम गोणपाट ओढत गोल गोल फिरत,
आतून बाहेर, खळं सारवावं तसे.
गाव श्रीवर्धन. आयुष्यात एक चेंडू मारला नव्हता,
पण उतार त्यांना तळपायांनी कळायचा.
"आदी वारा कुठशी येतंय ता बघ, बाय.
चेंडू काय पलून नाय जात."

बाबा रिफायनरीत दाबाचे आकडे टिपायचे.
त्याच वहीत, त्याच अक्षरात, माझे स्कोअर.
सत्त्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. एकोणऐंशी.
बहात्तर आला त्या दिवशी
खाली दोनदा रेघ मारली
आणि शेरा लिहिला: नॉर्मल.

एकविसाव्या वर्षी प्रोफेशनल झाले.
स्पॉन्सर मिळाला. आमच्या मुलखात स्पॉन्सर म्हणजे
आधी व्हिसा देतो तो, पैसे मागाहून.
मनामाचे तांदूळवाले होते ते.
टोपीवर त्यांच्या बासमतीचं पोतं छापलेलं,
आणि व्हिसावर, पेशाच्या रकान्यात,
विक्री कारकून.
गोल्फरसाठी खिडकीतल्या माणसाच्या यादीत
कोडच नव्हता.

मग तेरा वर्षं गवत.
खरं. ओलं. रात्रीतून वाढणारं.
ब्राउन दिलेला शब्द पाळतो, सरळ म्हटलं की सरळ.
गवताला कल असतो,
सकाळी एक, दुपारी दुसरा,
आणि शेवटच्या होलवर, लोक बघत असताना,
तिसराच.

आई फोनवर विचारायची, "झाला का गं तो कट?"
"नाही."
"कितीनं गेला?"
"एकानं."
"अगं मग एक सोडत नाहीत का?
भाजीवालासुद्धा सोडतो."

एकदा नववी आले. दोह्याला.
त्या पैशांत बाबांचा डावा गुडघा बदलला.
उजव्यासाठी मी पुढची सहा वर्षं खेळले.
ते जिना अजून तसेच उतरतात,
नवा पाय आधी, मग जुना,
आणि मी पाठीमागून पाहते.

या मार्चमध्ये कार्ड गेलं. भांडण नाही, निरोप नाही,
एका यादीत नाव होतं, पुढच्या यादीत नव्हतं.
मी अवालीला आले.
बोर आहे. पाइपलाइनींना नवा रंग दिलाय.
मुकादम कधीच गावी गेले,
तिथून एकदाच फोन आला होता,
"बाय, तिकडचा गवत कसा हाय?"
मी म्हणाले, छान आहे. दुसरं काय सांगणार?

बॅगेच्या तळाशी चौकोन सापडला.
कडा उसवलेल्या, मधोमध टक्कल.
टाकला. मारला. झटकला.
ब्राउनवर पोचले तेव्हा वारा
समुद्राकडून नव्हता, मागून होता, मी पाहिलं होतं.
वीस फुटांवरून चेंडू
सांगितल्यासारखा आत गेला.

गोणपाटाची दोरी धरून एक पोरगा उभा होता,
कुमिल्ल्याचा, सैफुल.
"मॅडम, कौन सी कंपनी?"
इथे सगळे हेच विचारतात, नावाच्याही आधी.

"चावल की," मी म्हणाले.

त्यानं मान डोलावली, पटल्यासारखी,
आणि होलपासून सुरुवात करून
गोल गोल फिरत
माझी पावलं पुसायला घेतली.