आणि इतर चारशे बारा

प्रेशोवच्या न्यायालयात दुसऱ्या मजल्यावर
मी टंकलेखनिक. एकोणीस वर्षं झाली.
लोक बोलतात ते मी उतरवते,
खोकला सोडून. शिवी सोडत नाही.

आज खासदार वेंडेलीन ह्राश्को आले होते.
निळा कोट, मांडीवर फोन पालथा,
नुकतंच निजवलेलं मूल जसं.

समोर मार्सेला तुलेयोव्हा, वय एक्कावन्न,
रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी धुते.
तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला,
वाचनालयात छापून घेतलेला, दहा सेंट पानाला.
"पावतीपण आहे," ती म्हणाली,
कुणी विचारलं नव्हतं तरी.

कागदावर वेळ: रात्रीचे अकरा बावन्न.
सकाळी सहाला ते वाक्य त्यांच्या पानावरून गेलेलं,
पण तिच्या तडकलेल्या काचेत अडकून राहिलं
सहा टक्के बॅटरीवर.

वाक्य असं:
ओढ्यापलीकडच्यांना थंडी वाजते म्हणे,
कुणीतरी ऊब द्या रे त्यांना.
आणि पुढे तीन पिवळी तोंडं.

चार रात्रींनी ओढ्यापलीकडे
लाकडं ठेवायचं खोपट पेटलं,
लगतची भिंत,
आणि तिच्या धाकट्याचा उजवा हात
कोपरापर्यंत.

खासदार म्हणाले, विनोद होता.
मग म्हणाले, मागचंपुढचं सोडून वाचताय.
मग म्हणाले, खातं माझा मदतनीस बघायचा,
मदतनीस आता ब्रनोला असतो,
आणि ऊब म्हणजे, महोदया,
मी ब्लँकेटंच म्हणत होतो.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
अंगठ्याला दोन असतात.

न्यायाधीशबाई मला म्हणाल्या, वाचून दाखवा.
मी वाचलं, त्याच आवाजात
ज्या आवाजात मृत्युपत्रं वाचते, जमिनीचे गट क्रमांक वाचते.
कुणी हसलं नाही.
खिडकीखालचा रेडिएटर तेवढा टकटकला.
हसू काढून घेतल्यावर विनोदाचं जे उरतं
ते खोलीच्या मधोमध उभं राहिलं
आणि त्याला कुणी खुर्ची देईना.

"आणि ती तोंडं?" वकील म्हणाले. "तीही नोंदीत घ्या."
माझ्या यंत्रावर तसली कळ नाही.
मी लिहिलं: तीन चेहरे, डोळ्यांत पाणी.
खोडलं.
मी लिहिलं: तीन चेहरे, हसत आहेत किंवा रडत आहेत.
न्यायाधीशबाई म्हणाल्या, नोंदीत 'किंवा' चालत नाही.

कागदाच्या तळाशी, बारीक अक्षरात,
कुणाकुणाला हसू आलं ते:
त्सिरिल व्रबेल, दारिना मासार्योव्हा
आणि इतर ४१२.
आकडा नियमाप्रमाणे अक्षरीही लिहावा लागतो.
चारशे बारा.

नोव्हेंबर होता. पाय ठणकत होते.
टीव्ही चालू, चहा गार.
अंगठा खाली खाली सरकत होता,
एका जागी थांबला,
नाकातून थोडं हसू आलं, तेवढंच,
आणि त्यानं दाबलं.
मी पुढे गेले. पुढे
वॉशिंग मशिनमध्ये बसलेलं एक मांजर होतं.

सकाळी त्यांनी वाक्य पुसलं
तेव्हा माझं हसूही आपोआप पुसलं गेलं,
मला काहीच करावं लागलं नाही.
राहिलं ते फक्त या बाईच्या पिशवीत,
आकड्याच्या पोटात, बिननावाचं.

पुढची तारीख फेब्रुवारीची पडली.
खिडकीतून दिसलं, खासदार पायऱ्यांवर
हनुवटी उचलून फोटो काढून घेत होते.
सत्याचा विजय, असं काहीतरी लिहिलं असेल खाली.
मी नाही बघितलं. फोन पर्समध्ये होता,
दोनदा थरथरला.

साक्षीदारानं प्रत्येक पानावर सही करायची असते.
मार्सेला तुलेयोव्हानं माझंच पेन मागितलं,
जीभ दातांत धरून सावकाश सह्या केल्या,
चारही पानांवर,
आणि पेन परत देताना म्हणाली,
"छान वाचलंत तुम्ही. अगदी स्पष्ट."

मी टोपण शोधत राहिले.
टोपण माझ्या हातातच होतं.